चांदाची आठ आणि भाट्याची वाळू

समुद्रकिनारी सहलीला आलेले आपले एखादे कुटुंब लांबूनही ओळखू येते. पुरुष आणि मुलगे पाण्यात असतात, लहान मुली काठावर असतात. सुरूच्या झाडाखाली एक मोठी चटई अंथरलेली असते आणि तिच्यावर घरातल्या सगळ्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्याभोवती डबे, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, सगळ्यांचे मोबाईल आणि चपलांचा ढीग. संध्याकाळी घरी परतताना त्या बायकांना विचारले, "कशी झाली सहल?" तर म्हणतात, "छान झाली. मुलं खूप खेळली."

आम्ही रत्नागिरीचे. आमच्या घराच्या गच्चीवरून समुद्र दिसतो आणि पावसाळ्यात रात्री त्याचा आवाज घरात येतो. तरीही आमच्या सासूबाईंनी, ज्यांना आम्ही अम्मी म्हणतो, मागच्या कित्येक वर्षांत समुद्राचे पाणी पायाला लावले नव्हते. लावायचे नाही असे काही नव्हते. चटई सोडून उठावे असे कुणी कधी म्हटलेच नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवताना पाठात समुद्र आला, की आम्ही मुलींना विचारतो, "पोहता किती जणींना येते?" पन्नास मुलींच्या वर्गात दोन हात वर होतात, कधी तेही नाही. समुद्राला खेटून असलेल्या शहरात ही अवस्था. मुलग्यांना विचारले तर निम्मा वर्ग उभा राहतो. त्यातल्या काहींना पोहता येत नसते, तो भाग वेगळा.

म्हणून या हिवाळ्यात भाट्याला जायचे ठरले तेव्हा आम्ही घरात एक अट घातली. चटईवर पाळीपाळीने बसायचे. एका वेळी दोन जण, अर्धा तास, आणि त्यात घरातल्या पुरुषांचीही पाळी. आमचे हे हसले आणि पहिली पाळी स्वतःच घेतली. थोरल्या नणंदेने, जिला मुले फुफी म्हणतात, कपाळाला आठी घातली. पण तिच्याबद्दल पुढे सांगू.

दिवस कोणता, हे ठरवले आमच्या सासऱ्यांनी. बाबांनी उमेदीची तीस वर्षे बोटीवर खलाशी म्हणून काढली आहेत. भरती-ओहोटी बघायला ते मोबाईल उघडत नाहीत. विचारतात एवढेच, "चांदाची किती?" म्हणजे हिजरी महिन्याची तारीख किती. ती सांगितली की भरतीची वेळ तयार असते. हा हिशेब आपल्या प्रत्येक घरात यायला हवा, कारण त्याला लागणारे कॅलेंडर आपल्या भिंतीवर आधीच टांगलेले आहे.

कोकणातल्या कोळ्यांची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून त्या दिवशी पाणी दुपारच्या सुमारास भरते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. दर दिवशी वेळ सुमारे पाऊण-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आता आपली चांदाची तारीख चंद्र डोळ्यांना दिसल्यावर सुरू होते, त्यामुळे ती तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते. बाबा म्हणतात, "आपल्या तारखेत एक मिळवायचा आणि मग पाऊणपट करायची." पाच-दहा मिनिटे नव्हे, अर्धा-पाऊण तासही इकडे-तिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला तेवढे पुरते.

याच हिशेबाने ईदचे बघा. ईदचा दुसरा दिवस म्हणजे आपल्याकडे किनाऱ्यावर जाण्याचा दिवस. त्या दिवशी चांदाची दोन. एक मिळवून तीन, तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सगळी मंडळी जेवून, जोहर पढून, नवे कपडे घालून अडीच-तीनला किनाऱ्यावर उतरतात, तेव्हा पाणी नुकतेच भरलेले असते. शिवाय अमावास्येनंतरचे दिवस असल्यामुळे भरती उधाणाची असते. खेळायला वाळूची अरुंद पट्टी उरते आणि त्यानंतर पाणी परत फिरते, ते जोराने. दर ईदला कुठून तरी वाईट बातमी येते, त्यामागे माणसांचा निष्काळजीपणा असतोच, पण ही वेळही असते. ईदच्या दुसऱ्या दिवशी जायचेच असेल तर सकाळी लवकर जावे. आठ-साडेआठच्या सुमारास ओहोटी असते, मैदान मोकळे मिळते आणि पाणी चढू लागायच्या आत जेवायला घरी येता येते.

आम्ही निवडला तो चांदाच्या आठ तारखेचा रविवार. आठ आणि एक नऊ, नऊची पाऊणपट पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, दुपारी एकच्या सुमारास ओहोटी, संध्याकाळी पुन्हा पावणेसातला भरती. शिवाय हे भांगाचे दिवस, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असताना असाच दिवस धरावा.

भाट्याचा किनारा शहराला लागून, पुलापलीकडे. दीड किलोमीटरची काळसर वाळू, मागे सुरूची झाडे. उत्तरेच्या टोकाला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते. त्या टोकाला कितीही शांत दिसले तरी पाण्यात उतरायचे नाही, हा बाबांचा पहिला नियम. ओहोटीला नदीचे आणि समुद्राचे पाणी एकदमच बाहेर धावते. दुसरा नियम, पाणी गुडघ्याच्या वर नको, आणि तिसरा, एकट्याने नको. चौथा नियम आम्ही आमच्या बाजूने घातला: पायघोळ बुरखा किंवा ओढणी पाण्यात नको. ओला घेर पायांत गुंडाळतो आणि लाट आली की माणूस उठूच शकत नाही. त्यापेक्षा सुती सलवार, गुडघ्यापर्यंतची सैल कमीज, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. अंग झाकलेले राहते आणि पाय मोकळे राहतात. जाडसर, गडद रंगाचे कापड घेतले की ओले झाल्यावर चिकटतही नाही. जीवरक्षक जिथे असतील तिथे त्यांचे ऐकायचे, हे सांगायला नको.

दहाला पोहोचलो. पाणी उतरत होते आणि त्याने मागे ठेवलेली वाळू सिमेंटसारखी घट्ट होती. मुलांनी लगेच क्रिकेट मांडले. क्रिकेटबद्दल आम्ही काही लिहीत नाही, ते सांगावे लागत नाही आणि थांबवताही येत नाही.

त्याच ओल्या वाळूवर आमचा एक खेळ आहे. शाळेतही कधी कधी फळ्यावर खेळवतो, पण वाळूत त्याची मजा वेगळी. दोन जण एकमेकांपासून वीस पावलांवर उभे राहतात. उजवीकडचा उर्दूत लिहितो, डावीकडचा मराठीत. टाचेने, हातभर मोठी अक्षरे. दोघेही एकच वाक्य लिहितात, त्याने आपल्या भाषेत आणि याने आपल्या. उर्दू उजवीकडून डावीकडे येते, मराठी डावीकडून उजवीकडे जाते, आणि दोघे मध्ये कुठेतरी समोरासमोर येतात. ज्याचे वाक्य आधी संपेल तो जिंकला. ज्याचे अक्षर वाचता येणार नाही तो बाद. उर्दूवाले नुक्त्यांसाठी शिंपले ठेवतात, मराठीवाल्यांना शिरोरेषेसाठी मागे धावत जावे लागते. त्यामुळे बहुधा उर्दू जिंकते. मराठी शाळेत जाणारा आमचा भाचा दरवर्षी तक्रार करतो की शिरोरेषा माफ करा. आम्ही करत नाही.

ओहोटी पुरी व्हायला आली की खेकडे बाहेर पडतात. बोटाच्या नखाएवढे, वाळूच्याच रंगाचे. बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, जणू कुणी रांगोळीच काढली आहे. मुलांना वाटते ती बीळ खोदताना काढलेली माती. तसे नसते. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातले बारीकसारीक खाणे काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. म्हणजे ती नक्षी त्याच्या जेवणाची. अट एकच की पंधरा मिनिटे न हलता, न बोलता बसायचे. पाय आपटला की सगळे आत. आमच्या सहा वर्षांच्या मुलाला एरवी दोन मिनिटे गप्प बसवता येत नाही. इथे तो बसला. घरी पाहुणे आले तेव्हा आम्हाला त्या खेकड्यांची फार आठवण झाली.

जोहरची वेळ झाली. वुजूसाठी पिण्याचे पाणी वापरायचे का, असा प्रश्न आला. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो. बोटीने प्रवास करणाऱ्यांनी, ज्यांच्याजवळ गोडे पाणी थोडेच असे, हाच प्रश्न हुजूर (स.) यांना विचारला होता आणि ते पाणी पाक असल्याचे उत्तर हदीसमध्ये आले आहे. मुलांनी समुद्रातच वुजू केला, दोघांच्या तोंडात खारे पाणी गेले आणि त्यावर हसणे झाले. मग किबला. आपल्या किनाऱ्यावर किबला समुद्राकडे, हे सगळ्यांना माहीत असते. पण नेमका कुठे? मुलांनी होकायंत्र काढले. रत्नागिरीहून मक्का पश्चिमेला, थोडी उत्तरेकडे झुकून आहे. म्हणजे समुद्राकडे तोंड करून जरा उजवीकडे वळायचे. हिवाळ्यात सूर्य मात्र नैऋत्येकडे सरकून, डाव्या बाजूला मावळतो. त्यामुळे असरनंतर सूर्य बघून "इकडेच किबला" म्हणणारा डिसेंबरात बराच डावीकडे जातो. बाबांनी वाळूत काठीने रेघ मारून दिली आणि त्या रेघेवर आमची सफ लागली.

जेवणाचे थोडक्यात. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचे सुके, जवळ्याची चटणी, सांदणं आणि कोकमाचे सरबत. रस्सा किनाऱ्यावर आणू नये, वाळू पडतेच. आणि उरलेली हाडे, पिशव्या, बाटल्या परत घरी न्याव्यात. आपण उठून गेल्यावर त्या जागेकडे बघून लोकांनी काय म्हणावे, हे आपल्या हातात असते.

आता फुफीचे. जेवणानंतर पाणी चढू लागले आणि सगळे पाण्याकडे निघाले. आमची पुतणी, धाकट्या दिरांची थोरली लेक, तेरा वर्षांची, चटईवरून उठलीच नाही. बूट-मोजेसुद्धा काढले नव्हते. सकाळपासून खेळात होती, पण पाण्याचे नाव निघाले की काहीतरी काम काढायची. विचारले तेव्हा कळले की आदल्या रात्री फुफीने तिला सांगितले होते, "यंदा तू मोठी झालीस, पाण्यात नको." फुफी वाईट नाही. ती स्वतः याच वाक्यावर वाढली आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला ते वाक्य एकटीने रात्रभर सांभाळावे लागले होते.

आम्ही फुफीशी बोललो. कपडे नीट आहेत, या टोकाला गर्दी नाही, घरचीच माणसे आहेत, मग हरकत कशाची? फुफी म्हणाली, "आज घरची आहेत, उद्या सवय लागेल." आम्ही म्हटले, सवय लागावी हेच तर हवे आहे. पाण्याची माहिती नसलेल्या मुलीला पाण्यापासून लांब ठेवणे ही राखण नव्हे. हुजूर (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर प्रवासात धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत आपण मिलादच्या बयानात ऐकतो आणि मान डोलावतो. मग आपल्या मुली किनाऱ्यावर धावल्या तर आपल्याच मानेला काय होते? फुफी गप्प राहिली. तिला पटले असे आम्ही म्हणणार नाही.

तेवढ्यात अम्मी उठल्या. एकाहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांनी चपला काढल्या, सलवार घोट्याच्या वर घेतली आणि पुतणीला म्हणाल्या, "बाय, मला हात दे. एकटीला भीती वाटते." पुतणीने बूट काढले. दोघी हळूहळू चालत गेल्या. पहिली लाट पायांवरून आली आणि परत गेली तेव्हा पायाखालची वाळू सरकली, अम्मींनी मोठ्याने "या अल्लाह!" म्हटले आणि मग हसू लागल्या. इतक्या मोठ्याने हसताना आम्ही त्यांना घरात पाहिलेले नाही. बाबा काठावर उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसते जाऊन अम्मींच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले.

त्यानंतर तासभर चटईवर कोण होते ते आठवत नाही. फुफी होती, एवढे नक्की. शेवटी तीही पाण्याच्या कडेपर्यंत आली, पण चपला घालून.

पाणी चढताना खेळायला बंधारा सर्वांत चांगला. लाटेच्या रेषेपासून दहा पावलांवर वाळूची भिंत घालायची आणि आत किल्ला बांधायचा. किल्ला कुणाचा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजायचे. यात मोठ्यांनाही राहवत नाही. आमचे हे आणि भाचा एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. मुलींनी भिंत सरळ न घालता बाकदार घातली, पाणी दोन्ही बाजूंनी वळून गेले आणि त्यांचा किल्ला अकरा मिनिटे जास्त टिकला.

धाकट्या दिरांचे सांगायचे राहिले. ते गेली नऊ वर्षे ओमानमध्ये, सलाला शहरात, एका गोदामात नोकरीला आहेत. वर्षातून एकदा महिनाभर येतात. त्यांची बायको, आमची धाकटी जाऊ, त्यांच्यामागे सहलीला यायला तयार नसते. म्हणते, "ते तिकडे राबतात, आणि आपण इकडे फोटो काढायचे?" या वेळी आली ती पुतणीमुळे. पुतणीने एक उद्योग ठरवला होता, भूगोलाच्या वहीसाठी.

रत्नागिरी आणि सलाला ही दोन्ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, १७ अंश उत्तर. म्हणजे भाट्याला उभे राहून नेमके पश्चिमेकडे बोट दाखवले, तर मध्ये फक्त अरबी समुद्र आणि पलीकडे सलाला. अंतर २००० किलोमीटरच्या थोडे वर. रत्नागिरीचे रेखांश ७३.३, सलालाचे ५४.१, फरक १९.२ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणजे इथे मावळलेला सूर्य तिथे ७७ मिनिटांनी मावळायला हवा. अक्षांश एकच असल्यामुळे दिवसाची लांबीही सारखीच, त्यामुळे हिशेब सोपा. पावसाळ्यातही हेच नाते आहे. जे नैऋत्य वारे आपल्याकडे पाऊस आणतात त्यांच्याचमुळे जून ते सप्टेंबर सलालाचे डोंगर हिरवे होतात, तिथले लोक त्याला खरीफ म्हणतात. बाकीचा अरब देश तापलेला असताना दीर तिथून धुक्याचे फोटो पाठवतात.

सूर्य टेकू लागला तशी पुतणी वही घेऊन उभी राहिली. शेवटची कड बुडाली तेव्हा तिने लिहिले: ६ वाजून १२ मिनिटे. डोक्यावर अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र आधीच आलेला होता. मग तिने अब्बूंसाठी आवाज रेकॉर्ड केला, "अब्बू, सूर्य इथून निघाला आहे. तुमच्याकडे ७ वाजून २९ मिनिटांनी यायचा, तुमच्या घड्याळात ५ वाजून ५९. बुडताना फोटो पाठवा. आणि दादी पाण्यात गेली होती." मागून लाटांचा आवाज आला असणार. धाकट्या जावेने फोन घेतला, काही बोलेल असे वाटले, पण तिने नुसता तो पाण्याच्या दिशेला थोडा वेळ धरून ठेवला आणि मग पाठवून दिला.

रविवारी ओमानात कामाचा दिवस असतो, सुट्टी शुक्रवार-शनिवारची. त्यामुळे फोटो येईलच अशी आमची खात्री नव्हती. मगरिब पढून घरी आलो, नळाखाली सगळ्यांचे पाय धुऊन झाले, तरी घरभर वाळू होतीच. ७ वाजून ३१ मिनिटांनी फोन वाजला. गोदामाच्या पत्र्यांमागे लाल उजेड, आणि कोपऱ्यात दिरांचा अर्धा चेहरा. पुतणीचे म्हणणे असे की दोन मिनिटांचा फरक अब्बूंच्या फोनमुळे पडला. आमच्या ह्यांचे म्हणणे असे की पत्रे आडवे आल्यावर सूर्य उलट लवकर बुडायला हवा, तेव्हा फरक दोनपेक्षा जास्तच धरावा. धाकट्या जावेने तो फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "हे पुन्हा दुपारचे जेवले नाहीत वाटते."

वाद मिटलेला नाही. पुतणीला पुढच्या रविवारी पुन्हा मोजायचे आहे. त्या दिवशी चांदाची पंधरा. बाबांच्या हिशेबाने सोळाची पाऊणपट बारा, म्हणजे भरती भर दुपारी आणि तीही उधाणाची. बाबा म्हणतात फजरनंतर लगेच जाऊन दहाच्या आत परतायचे. पुतणी म्हणते, मग सूर्यास्त कसा बघणार? अम्मींनी अजून कुणाचीच बाजू घेतलेली नाही. मात्र कपाटातून एक जुनी गडद निळी सलवार काढून ती चार बोटे आखूड करून ठेवायला त्यांनी धाकटीला सांगितले आहे.